डीबगमध्ये टाकलेली ओळ

मंगळवार, १४ ऑक्टोबर, संध्याकाळ

चाकणच्या प्लांटमध्ये प्रेसवर काम करणाऱ्या शिंदेंची दोन बोटं गेली, त्याला आठ दिवस झाले. हात आत असताना सेन्सरने मशीन थांबवायला उशीर केला. सेन्सरवर नजर ठेवणाऱ्या आमच्या जावास्क्रिप्ट प्रोग्रॅमला हे आधीच कळत होतं का? आज तिथे जाऊन रिकामी प्रेस चालवली आणि प्रोग्रॅमच्या नोंदींचा लॉग ‘डीबग’ या सगळ्यात खालच्या पातळीवर उघडला. ‘सेन्सर उशिरा.’ दर काही मिनिटांनी तीच ओळ. एरवी आम्ही ‘वॉर्निंग’ आणि त्यावरचंच नोंदवतो, म्हणून ती कधी कुणाला दिसलीच नाही.

ओळ माझ्या टीममधल्या स्वातीने लिहिलेली. तिला विचारलं, “ही वॉर्निंग का नाही?”

“होती, मॅडम. तुम्हीच म्हणालात, ऊठसूट वॉर्निंग देऊन लोकांना घाबरवू नकोस. मग डीबगमध्ये टाकली.”

म्हणाले असेन. असेन काय, म्हणालेच. माझी बोलणी टाळायला सगळेच असं करतात, हेही ठाऊक होतं. मला वाटायचं, शिस्त लागली. ‘सेन्सर उशिरा.’ घरी आले तरी तीच ओळ डोळ्यांपुढे.

उद्या चौकशी. त्या ओळीपुढे नाव स्वातीचं दिसेल, माझं कुठेच नाही. गप्प बसले तर मला कोणी विचारणारही नाही. आत्ताच साहेबांना मेल केला, की ओळ माझ्या सांगण्यावरून खाली गेली.

मेलच्या पहिल्या मसुद्यात मी माझ्याऐवजी स्वातीचं नाव घातलं होतं. ते इथे तरी लिहून ठेवते.