फिल्टरला कुंकू

२२ ऑगस्ट २०००, मंगळवार
संकल्प : दसऱ्यापर्यंत फिल्टर. पाण्याचा नव्हे, प्रकाशाचा. शेजारच्या गोदाबाईंना हे पुन्हा समजावलं. त्या म्हणाल्या, असू द्या, पण गाळ थांबतो ना?

कल्पना सोपी. काचेचे केसाएवढे दोन तंतू, म्हणजे फायबर, एकमेकांना चिकटवून ज्योतीवर धरायचे आणि हळूहळू ओढायचे. मधली मान बारीक झाली की उजेड काचेत मावत नाही, बाहेरून वाहू लागतो आणि एकातून दुसऱ्यात शिरतो. हे कपलिंग. कोणता रंग किती शिरेल, ते मानेच्या लांबीवर अवलंबून. ओढ नेमकी जमली की एक रंग या तोंडातून, दुसरा त्या तोंडातून. झाला फिल्टर.

बंगलोरची एक कंपनी पुण्यात लॅब काढते आहे. त्यांचे श्रीनिवासन दसऱ्याला वाघोलीला, आमच्या कॉलेजात, स्वतः बघायला येणार. पसंत पडलं तर लॅबचा प्रमुख मी. लेक्चररकीला रामराम.

माझ्या बायकोला, भाग्यश्रीला, तिच्या सॉफ्टवेअर कंपनीने न्यू जर्सीला बोलावलंय. मी म्हटलं, आता माझंच नशीब उघडतंय, तू कशाला जातेस? म्हणाली, दसऱ्यापर्यंत थांबते. माझ्यावर फार विश्वास तिचा.

५ सप्टेंबर, मंगळवार
फायबर तुटलं. कारण : नगर रोडचे ट्रक. टेबल हादरतं.
दुपारी पुन्हा तुटलं. तेव्हा ट्रक नव्हते. कारण : गणपतीचे ढोल.

१४ सप्टेंबर, गुरुवार
गुरुवार, म्हणून लाइट नाही. देशाने उदारीकरण केलं, वीज मंडळाचा गुरुवार काही सुटत नाही. फायबर लाइट जाण्याआधीच तुटलं होतं, पण ते लाइट जाणार या टेन्शनने.

भाग्यश्रीने विचारलं, ओढायला मशीन आहे ना? म्हटलं, सध्या हातानेच. त्यावर म्हणाली, अहो, तुमची पोळीसुद्धा एका बाजूला जाड होते. सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअरची कदर नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार
जमलं. दोन रंगांचे दोन लेसर, डोळ्यांना न दिसणारे, लावून मीटरवर मोजलं. एक इकडून, दुसरा तिकडून, अगदी वाटणी केल्यासारखे. आमचा लॅब अटेंडंट सोनबा साक्षीला होता. म्हणाला, दिसत तर काय न्हाय सर, पर तुमी म्हनताय तर आसंल.

एक स्पेअर करून ठेवावा म्हटलं. तो तुटला. मग त्याचाही स्पेअर. तोही तुटला. नंतर वाटलं, उत्तम वस्तू एकच असते.

भाग्यश्रीने ऑफिसला फोन करून सांगितलं, बहुतेक माझं न्यू जर्सीचं जमणार नाही. आवाज जरा पडला होता. आनंदानेच असेल.

६ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी.
सोनबाने लॅबमधल्या सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. फिल्टरला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद मी दिली होती. त्याने लावलाही नाही. नुसता म्हणाला, समद्यांची पूजा झाली, येवढंच उपाशी राहिलं.

मी विज्ञाननिष्ठ माणूस. पण उद्या आयुष्याचा प्रश्न. फिल्टरच्या डब्याचं झाकण मुद्दामच बसवलेलं नाही, श्रीनिवासनना मान दिसायला हवी. काडीच्या टोकाने ओल्या कुंकवाचा ठिपका टेकवला. मधोमध, म्हणजे बरोबर मानेवर. कडेला लावलं तर देवाला कसं दिसणार? रीडिंग घेतलं नाही. आज हत्यार चालवायचं नसतं.

७ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
श्रीनिवासन आले. लेसर लावला. या तोंडातून काही नाही. दुसरा लावला. त्या तोंडातूनही नाही. मी प्लग हलवून पाहिला.

त्यांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, हे लाल काय? मी म्हटलं, शुभ असतं. ते म्हणाले, आमच्याकडेही लावतात, पण डब्याला. बाहेरून वाहणारा उजेड कुंकवाने पिऊन टाकला, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला. मग दुसरा पीस मागितला. नव्हता. चहा अर्धा ठेवून गेले.

कुंकू शुद्ध असतं तर असं झालं नसतं. हल्ली त्यात काय काय घालतात. सोनबाने कुठून आणलं, चौकशी करायला हवी.

बिबवेवाडीला घरी पोचलो. भाग्यश्रीने आपट्याचं पान हातात दिलं. काही विचारलं नाही. फार वाईट वाटलं. विचारलं असतं तर कुंकवाचं नीट सांगता आलं असतं.

९ ऑक्टोबर, सोमवार
तिने कंपनीला हो कळवलं. आम्ही दोघंही जायचं. मी परवानगी दिली. तशी ती मागितली नव्हती.

माझ्या व्हिसाला डिपेंडंट म्हणतात. मराठीत अवलंबून. कपलिंगसुद्धा मानेच्या लांबीवर अवलंबून असतं, त्यात कमीपणा काय? तिकडे तर फायबरचं माहेरघर आहे. विमानतळावरूनच बोलावणी येतील. संकल्प : रिझ्युमे आणि दोन सूट.

२१ नोव्हेंबर, मंगळवार
मुंबईला व्हिसाची मुलाखत. पहाटेपासून रांग. उत्तराची तयारी आठवडाभर केली होती, इंग्रजीत, आरशासमोर.

भाग्यश्रीला बरंच विचारलं. तिने शांतपणे सगळं सांगितलं. मग खिडकीतल्या साहेबाने माझ्याकडे बघून विचारलं, आपण काय करता? मी घसा साफ केला. म्हटलं, समजा, काचेचे दोन तंतू आहेत.

साहेबाने भाग्यश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, ते माझ्याबरोबर आहेत.

तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. पुढे त्याने मला काही विचारलंच नाही.