टाके निघेपर्यंत

नांदगाव पेठ, ४ फेब्रुवारी २०२४

ती. वच्छला आत्यास नितेशचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन करत नाही, कारण तू स्पीकर लावून बोलतेस अन् अख्खी गल्ली ऐकते. प्रणाली अमरावतीच्या दवाखान्यात सिस्टर झाली म्हणून तिच्या जवळ राहायला मी अकोल्याचं कॉलेज अर्ध्यात सोडलं. आता इथं, अमरावतीच्या शेजारी, कारखान्यात कापडाचे गठ्ठे उचलतो. तिच्या बाबांकडे, भगवंतरावांकडे, तू आमच्या लग्नाचा शब्द टाक.

एक बारीक गोष्ट. उजव्या जांघेत फुगवटा आलाय. आडवं पडलं की आत जायचा, हल्ली जात नाही. ओळखीचा दवाखाना एकच, अन् तिथं ती. म्हणून लंगोट करकचून बांधलाय. माझ्या बाबांना सांगू नको.

रागावलीस तरी माया कमी करू नको.
तुझा नितेश

अकोला, ८ फेब्रुवारी

चि. नितेशले अनेक आशीर्वाद.

गेली होती भगवंतरावांकडे. पोरगा रागीट आहे का, विचारलं. म्हटलं, गरीब गाय आहे. काही दुखणं? म्हटलं, लोखंड आहे लोखंड. एका चहात दोनदा खोटं बोलली तुह्यासाठी. ते म्हणे, पोरीले विचारा. तर तिले पत्र टाकून राहिली.

अन् बावा, तो फुगवटा दाखव. तुह्या मोठ्या बाबानंही असाच लपवला होता, ऐन वरातीत आडवे झाले. तिच्याच दवाखान्यात काहून जात नाही? तिले असे रोज चार दिसत असतील.

जिवाले जप, आत्याले विसरू नको.
वच्छला

अमरावती, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास सविनय जयभीम. वि. वि.

शनिवारी कारखान्यात ताप भरला, भोवळ आली. सोबतच्या देवमननं ऑटोत घालून नेमकं तिच्याच दवाखान्यात आणलं. त्याच्याशी भांडलो असतो, पण उभं राहवत नव्हतं.

जांघ उघडली तर हर्नियात आतडं नाही, अपेंडिक्स शिरलेलं, सुजून लाल. ते काढलं, भोक शिवलं. हर्नियात एरवी आतून जाळी बसवतात, ती पू धरेल म्हणून बसवली नाही. असं हजारात एखाद्याचं निघतं म्हणे. डॉक्टर इतके खूश की शिकाऊ पोरांना बोलावून दाखवू लागले. कंबरेखाली मी बधिर, कान शाबूत. ओरडलो, इथं तमाशा लावलाय का. तेव्हा एका मास्कमागून हुकूम आला, गप पडा. ती प्रणाली होती.

तुझी गाय तिनं पाहिली, लोखंडही पाहिलं. तुला तिचं उत्तर आलं का? माझ्याजवळ ती फक्त थर्मामीटर घेऊन येते.

उत्तर काही असो, भाचा तुझाच.
नितेश

अमरावती, १७ फेब्रुवारी

आदरणीय वच्छला आत्यांना प्रणालीचा जयभीम. वि. वि.

नितेश गरीब गाय आहेत, हे तुमच्या पत्रात वाचलं, त्याच दिवशी टेबलावर त्यांचा आवाज ऐकला. पण माझा राग त्याचा नाही. मी रोज असे रुग्ण बघते, आणि हा माणूस माझ्यापासूनच दुखणं बांधून फिरला. आत फुटलं असतं तर? हे मी त्यांना ऐकवलं. काही महिने वजन उचलता येणार नाही, तर राहिलेलं कॉलेज पूर्ण करा म्हटलं. हो म्हणाले. ताप नव्हता, मी मोजून पाहिला.

माझा होकार आहे. बाबांना मीच कळवते. पण टाके बुधवारी निघतील, तोवर त्यांना कळू देऊ नका. सध्या त्यांना हसलं तरी दुखतं, आणि हे ऐकून ते नुसतं हसून थांबायचे नाहीत.

माझ्यावरही माया धरावी.
आपली प्रणाली