ज्याचा त्याचा अर्धा तास

ता. ३ ऑगस्ट

चि. मुंगीस,
आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, आजोबांचा दमा सोडला तर. पण ते शेवटी सांगते, आधी गंमत ऐक.

आपल्या वेतकामाच्या दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबावर नगरपालिकेनं फुकट इंटरनेटची डबी बसवली! विकतचं नेट या बोळात कधी धड आलंय का? आता बघ. आजोबांनी दुकानाबाहेर वेताचा बाक ठेवलाय ना, नेमकं तिथंच नेट सगळ्यात जोरात, त्यामुळे बाक सकाळपासून भरलेला. सरकारी काम म्हटल्यावर मेख आलीच. एका फोनला दिवसाला अर्धाच तास. पण अर्धा तास संपला म्हणून कुणी लगेच उठून जातं का? मग चहावाल्याकडे चहा होतो, न्हाव्याकडे दाढी होते. न्हावी म्हणतो, वहिनी, आधी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मीच झोपायचो, आता उभं राहून पाय दुखतात. इस्त्रीवाली आपल्या अर्ध्या तासात घराघरांतून कपडे न्यायचे निरोप फोनवर घेते. तेव्हा कुणी हाक मारली तर अशी खेकसते, काही विचारू नकोस!

आपल्या बाकाचा फोटोही कुणीतरी कुठंतरी टाकला, आणि लोक मोडक्या खुर्च्या घेऊन दारात. जन्मभर ज्या गर्दीची वाट बघितली ती आली, आणि ह्यांना जिना उतरवत नाही. वरच पलंगावर बसून विणतात. सध्या तुझी खुर्ची चाललीय. कंबर वाढवून येऊ नकोस म्हणाले, माप जुनंच धरलंय.

हे पत्र घेऊन आता बाकावर जाते, इस्त्रीवाली फोटो काढून तुला धाडेल. फोनवर तुझं तोंड दिसलं की मी बावचळते आणि जेवलीस का एवढंच विचारते. पत्रात कसं ऐसपैस बोलता येतं.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझी आजी


ता. ६ ऑगस्ट

ती. आजीस,
मुंगीचा साष्टांग नमस्कार.

पत्राच्या फोटोत इस्त्रीवाल्या मावशींचा अंगठाच जास्त आलाय, तरी पुरवून पुरवून वाचलं. पण आजी, आजोबांच्या दम्याचं शेवटी सांगते म्हणालीस आणि सांगितलंच नाहीस. मी तुला ओळखते. डॉक्टर काय म्हणाले ते लिही.

नोकरी नवी, रजा महिनाअखेरीशिवाय मिळत नाही. साहेबांना दोनदा विचारून झालं. वर खोलीत नेट येत नाही हे कळतं गं, पण मला त्यांना एकदा बघायचंय. नुसता आवाज पुरत नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझी मुंगी


ता. ११ ऑगस्ट

चि. मुंगीस,
आजीचे अनेक आशीर्वाद.

परवा तुला फोनमध्ये फक्त आजोबा दिसले. आजूबाजूला काय चाललं होतं ते मी सांगते.

तुझं पत्र मी बाकावरच मोठ्यानं वाचत होते. हळू वाचलं की मला अक्षरं लागत नाहीत. ते न्हाव्यानं ऐकलं. तो आणि चहावाला तडक वर गेले, आजोबांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट जिना उतरवला. आजोबा म्हणत होते, अरे, हळू, खुर्ची माझ्या हातची आहे म्हणून टिकतेय! बाकावरची सगळी माणसं उठली.

मग आपल्या फोनचा अर्धा तास संपला आणि तू मधेच गेलीस. आजोबांचं तोंड एवढंसं झालं. न्हाव्यानं लगेच आपला फोन पुढं केला. तो संपला तसा चहावाल्यानं. शेवटी इस्त्रीवालीनं. म्हणून तुला दर वेळी वेगळ्याच नंबरावरून फोन येत होता. तिच्या अर्ध्या तासात तर तुम्ही बोललातही नाही. ते डुलकी घेत होते आणि तू बघत बसलीस. तिचे त्या दिवशीचे निरोप बुडाले. मी तसं म्हटलं तर मलाच खेकसली, कपडे उद्याही चुरगळणारच आहेत म्हणाली.

डॉक्टरांचं विचारलंस. ते म्हणाले, छाती थकली आहे. आता औषधानं थोडा आराम पडेल, पण बरे व्हायचे नाहीत. लिहिलं बाई एकदाचं.

तुझी खुर्ची झाली. म्हणजे ह्यांचा हेका तुला माहीत आहे. शेवटची पट्टी मोकळी ठेवायची, मालक येऊन बसला, वेताला त्याचं वजन कळलं, की मगच ओढून गाठ मारायची. ती पट्टी तेवढी लोंबतेय. रोज विचारतात, आली का?

आमची आठवण धरून ये, वाट पाहते.
तुझी आजी


ता. १३ ऑगस्ट

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

रजा मिळाली. मी साहेबांसमोर रडले, लाज वाटली नाही. शुक्रवारी निघते, शनिवारी दुपारी पोचेन. आजोबांना सांग, कंबर वाढलेली नाही.

तुझी मुंगी


ता. १५ ऑगस्ट

चि. मुंगीस,
आजीचे आशीर्वाद, आणि आजोबांचेही, ते मीच देते आता.

सकाळी न्हाव्यानं तुला फोनवर सांगितलंच. मला बोलवेना म्हणून लिहितेय, गाडीत वाच. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं. कंबरेचं ऐकून हसले, खोकला आला तरी हसतच होते. मग म्हणाले, मुंगीची खुर्ची खिडकीशी ठेव, उजेडात. ठेवली. मागं वळून बघते तर झोप लागल्यासारखे.

दिवसभर माणसं येत होती. खोलीत दाटी झाली, पण त्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नाही. न्हावी दुखऱ्या पायांनी भिंतीला टेकून उभा राहिला. खाली बाकावर आज कुणी फोन उघडला नाही, हे पत्र धाडायला इस्त्रीवाली उघडेल तेवढाच. डबीचा हिरवा दिवा उगाच लुकलुकतोय. एवढं फुकटचं नेट, वाया गेलं बघ.

रडत येऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण आलीस की आधी वर ये, आणि खुर्चीत नीट टेकून बस. अवघडून बसू नकोस. वेताला तुझं वजन कळू दे. गाठ कशी मारायची ते त्यांनी मला दाखवून ठेवलंय, तू बसलीस की मी पट्टी ओढते.

तुझ्यावरचा दोघांचा जीव आता एकटीच सांभाळणारी,
तुझी आजी