मंडळीसमोर दिलेला शब्द

८ ऑक्टोबर

प्रिय ताई आणि प्रिय धाकट्या,

प्रभूमध्ये सलाम.

ज्या घरात तोंडातून गेलेला शब्द कधीच मागे घेतला गेला नाही, त्या घरात वाढलेल्या माझ्या भावंडांनो! बाबांचा 'नाही' आपण तिघांनीही सोसला. ताई, तुला नर्स व्हायचं होतं. पाहुण्यांसमोर बाबा 'नाही' म्हणाले, आणि पुढे त्यांना स्वतःला पटलं तरी तो 'नाही' काही परत फिरला नाही. धाकट्या, तू शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि वर 'माफी मागणार नाही' म्हणालास. 'माफी मागेपर्यंत याला जेवण नाही,' असा हुकूम सुटला. तूही त्यांचाच मुलगा, हटेनास. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिघं भेटलो की ही तक्रार आपण उगाळतो. आज तीच घेऊन का लिहायला बसलो, ते मला नीट सांगता येत नाही.

आधी खुशाली. हिचे गुडघे थंडीत कुरकुरू लागलेत. माझा घसा बसला आहे. डॉक्टर म्हणतात, बोलणं कमी करा. पाळकाला हे सांगायचं आणि बेकरीवाल्याला भट्टी थंड ठेव म्हणायचं, यात फरक काय?

मोठी बातमी ही की आपलं उपासनागृह बंद आहे. कोणीतरी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन सांगितलं की आतली लाकडी गॅलरी धोक्याची आहे. तपासनीस आला, त्याने तुळईत सळई खुपसून पाहिली, मान हलवली आणि दाराला सील ठोकलं. ठरलेली लग्नं अडली. म्हाताऱ्या माणसांनी यायचं सोडलं. आणि सगळ्यांत झोंबलं ते हे, की सांगणारं माणूस आमच्यातलंच होतं. तपासनिसानेच तसं म्हटलं, नाव मात्र सांगितलं नाही.

आता आम्ही शाळेच्या व्यायामशाळेत जमतो. मी बोलतो तेव्हा माझ्या डोक्यावर बास्केटबॉलची जाळी लोंबत असते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वडीलमंडळातला बेकरीवाला परवा म्हणाला, "पाळक, आज मुद्दा थेट जाळीत गेला बघा!" सगळे हसले. मी नाही हसलो.

सध्या मी दर रविवारी शास्त्रातल्या एका माणसाची चूक घेऊन बोलतो. गर्दी वाढली आहे. दुसऱ्याची चूक ऐकायला कोणाला आवडत नाही? गेल्या रविवारी एली याजकाची पाळी होती. त्याची पोरं देवाच्या अर्पणातलं मांस दांडगाईने ओढून घेत, आणि हा बाप काय म्हणतो? "बाळांनो, असं करू नका." बस्स, एवढंच! घर बुडालं, पोरं मेली, म्हातारा आसनावरून मागे पडून मान मोडून मेला, आणि हे सगळं कशामुळे, तर बापाची जीभ मऊ होती म्हणून! मी पेटलो. पेटलो की माझं काय होतं, तुम्ही पाहिलं आहे. त्या भरात मी मंडळीसमोर शब्द दिला: "ज्याने आपलं घर परक्यांच्या हाती दिलं, त्याला मी मंडळीतून वगळणार. मग तो माझ्या स्वतःच्या घरातला का असेना!"

सगळी व्यायामशाळा उभी राहून आमेन म्हणाली. वडीलमंडळाने तिथल्या तिथे ठरवलं, प्रभुभोजनाच्या रविवारी नाव जाहीर व्हायचं.

तुम्ही दोघं ही मंडळी सोडून दूर गेलात, म्हणून आठवण करून देतो. आमच्याकडे वगळलेल्या माणसाबरोबर मंडळीतलं कोणीही एका टेबलावर जेवत नाही. घरचेसुद्धा नाहीत.

आता माझा प्रश्न. पुढचं प्रवचन इफ्ताहावर आहे. लढाईला जाताना त्याने नवस केला की, जिंकून आलो तर घराच्या दारातून जे पहिल्यांदा सामोरं येईल ते देवाला बळी म्हणून अर्पण करीन. आणि सामोरी कोण आली? डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी. त्याने शब्द पाळला. एलीने शब्द वापरला नाही, ही त्याची चूक. इफ्ताहाने शब्द पाळला, ही त्याची चूक. मग यातून माणसाने शिकायचं काय? इतकी पुस्तकं वाचली, दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतो, पण खरं कुठलं ते कळत नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. प्रवचनासाठी हवं आहे.

तुमचा भाऊ आणि प्रभूचा सेवक,
पाळक

---

१७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सलाम. हे पत्र तुला एकटीला.

धाकट्याचं उत्तर आलं. तो लिहितो, "दादा, दोघांवर एकाच रविवारी बोल आणि लोकांना लवकर घरी सोड." तुझं उत्तर त्याहून छोटं. "प्रवचनासाठी म्हणून इतकं कोणी विचारत नाही. तुझ्या पत्रात गुडघे आहेत, बेकरीवाला आहे, बास्केटबॉल आहे. टिटवी कुठे आहे?"

तुझी भाची टिटवी इथेच आहे. पलीकडच्या खोलीत मुलांच्या गाण्याला चाल बसवते आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते. जन्मली तेव्हा रडून तिने दवाखाना डोक्यावर घेतला, म्हणून हे नाव तूच ठेवलंस.

ती होती, ताई. कचेरीत गेली ती टिटवी.

एलीवरचं प्रवचन संपलं, लोक गेले, आम्ही दोघं खुर्च्या आवरत होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी होते."

मी म्हणालो, "खुर्च्या नीट लाव."

"बाबा, मी काय म्हणाले ते ऐकलंत का?"

"ऐकलं. त्या कोपऱ्यातल्या राहिल्यात."

तिने कोपऱ्यातल्या खुर्च्याही लावल्या. घरी येईपर्यंत मी तिला पुढच्या रविवारच्या गाण्यांबद्दल विचारत होतो. रस्ताभर बोलत होतो मी! गप्प राहिलो असतो तर ते वाक्य पुन्हा ऐकू आलं असतं.

अजून एक आहे, आणि तेच लिहिताना हात अडतो. ती कचेरीत जाण्याआधी माझ्याकडे आली होती. मुलांचं गायनपथक गॅलरीत बसतं ना? जेवताना म्हणाली, "बाबा, पोरं उभी राहिली की गॅलरी हलते. पुस्तकांवर भुसा पडतो." मी म्हणालो, "तुझ्या जन्माआधीपासून हलते ती." दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा मी तिला विश्वासाबद्दल चार गोष्टी ऐकवल्या. तिसऱ्यांदा माझ्या टेबलापाशी आली, तर मी हात वर करून तिला थांबवलं. कारण मी लिहीत होतो. काय लिहीत होतो, सांगू? बलामाच्या गाढवीवरचं प्रवचन! वाटेतला देवदूत गाढवीला दिसतो, स्वाराला दिसत नाही, आणि तो तिलाच तीनदा झोडपतो. त्यावर मी टाळ्या घेतल्या, ताई. हसू नकोस. किंवा हस. हे ऐकून टिटवीची आई हसली होती, पण तोंडावर पदर धरून, आणि पुढे ते हसणं रडण्यात गेलं.

तपासनिसाची सळई तुळईत कशी गेली, ते मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मऊ केकमध्ये सुरी जाते तशी गेली. मी शेजारीच उभा होतो. तरी मी रागावलो तो सांगणाऱ्यावर. असं का, ते मलाच कळत नाही. त्या गॅलरीत बावीस पोरं बसत होती आणि मला अपमान दिसला!

तू म्हणशील, मग सोपं आहे. उभा राहा आणि म्हण, चुकलो. माझ्याही मनात येतं. सकाळी येतं, दुपारपर्यंत राहतं. मग शिंपी आठवतो. त्याच्या मुलाला आम्ही वगळलं होतं, शपथेवर खोटं बोलला म्हणून. शिंपी माझ्या दारात येऊन रडला, तेव्हा मी त्याला एलीचीच गोष्ट सांगितली. पोरगा आता घराच्या ओट्यावर एकटा जेवतो. काल शिंपी माझ्या कोटाची बाही बेतत होता. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाला, "पाळक, नाव सापडलं म्हणतात. आमच्या पोराला लावली तीच पट्टी ना?" मी म्हणालो, "देवाची पट्टी एकच असते." केवढ्या जोरात म्हणालो! हात वर गेला आणि शिवण उसवली.

आता माझ्या मुलीपाशी आलो की मला दया सुचावी? ही दया म्हणायची की एलीचा मऊपणा? आणि शब्द पाळला, तर त्याला निष्ठा म्हणायचं की हेरोद राजाचा भित्रेपणा? त्यानेही जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर, नाचून दाखवणाऱ्या मुलीला 'मागशील ते देईन' अशी शपथ वाहिली होती. तिने संदेष्ट्या योहानाचं डोकं मागितल्यावर त्याला वाईट वाटलं, असं शास्त्र सांगतं. वाईट वाटलं! पण पाहुण्यांकडे बघून दिलंच ना डोकं. यातल्या प्रत्येक माणसावर मी बोललो आहे, प्रत्येकाची चूक मला बोटावर मोजून दाखवता येते. पण माझं घर त्यातल्या कोणाचं, ते ओळखता येत नाही.

टिटवीला म्हटलं, "आपण काहीच बोललो नाही तर? नाव सापडलं नाही म्हणू."

ती म्हणाली, "म्हणजे मग बेकरीवाल्याच्या सुनेवर संशय राहील. आताच लोक तिच्याशी नीट बोलत नाहीत. तुम्ही नाही सांगितलंत तर मी उभी राहून सांगेन."

"तुला वगळावं लागेल मला."

"तुम्ही शब्द दिलाय बाबा. पाळा. मी ताट घेऊन माझ्या खोलीत जाईन."

तिची आई म्हणाली, "मग माझंही ताट तिथेच. तुम्ही बसा तुमच्या देवाच्या पट्टीबरोबर."

इफ्ताहाची मुलगीही अगदी असंच म्हणाली होती, ताई. तुमच्या तोंडून निघालं आहे तसं माझं करा. मी हे वाक्य आज्ञाधारकपणाचं म्हणून वाचत आलो. माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं तेव्हा त्याचा आवाज निराळाच होता. ती मुलगी थकली होती, असं मला आता वाटतं. बापाला समजावून थकली होती. आणि तिचं नावसुद्धा कोणी लिहून ठेवलं नाही.

परवा मी शौल राजाकडे वळलो. त्याने लढाईच्या दिवशी सगळ्या सैन्याला शपथ घातली होती की, संध्याकाळपर्यंत जो काही खाईल तो शापित. त्याच्या मुलाला, योनाथानाला, ते माहीत नव्हतं. त्याने काठीच्या टोकाने पोळ्यातला मध चाखला. शौल म्हणाला, माझा मुलगा असला तरी मरेल. बघ, माझेच शब्द! पण तो मेला नाही. का? शौल नमला म्हणून नाही. लोक मध्ये उभे राहिले. म्हणाले, याच्या डोक्याचा एक केसही खाली पडणार नाही. बापाला जे जमलं नाही ते लोकांनी केलं. शौलाच्या उतावळेपणावर मी कितीदा बोललो असेन! त्या लोकांवर कधी एक वाक्य बोललो नाही.

आणि मग मला तू आठवलीस. धाकटा भिंतीकडे तोंड करून उपाशी बसलेला, बाबा जेवणाच्या टेबलाशी ताठ. तू ताट वाढलंस, त्यांच्यासमोरून नेलंस आणि म्हणालीस, "हा जेवणार आहे. मारायचं तर मला मारा." बाबा ओरडले, "ठेव ते ताट! बस खाली!" तू बसली नाहीस. तू धाकट्याच्या तोंडाकडे बघत होतीस. मी बाबांकडे बघत होतो. ओरडून झाल्यावर त्यांनी श्वास सोडला, ताई. खांदे खाली आले. मला तेव्हा वाटलं, हरले म्हणून. आता वाटतं, कोणीतरी त्यांना त्यांच्याच शब्दातून सोडवलं होतं.

मीच माघार घ्यायला हवी, हे मला कळतं. येत्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, कदाचित घेईनही. पण माझा भरवसा धरू नकोस. मी त्या जाळीखाली उभा राहिलो की माझा आवाज माझं ऐकत नाही. समोर शिंपी असेल, बेकरीवाला असेल, सगळे वाट बघत असतील. मी तुला पुढे करतो आहे, हाही भित्रेपणाच असेल. शिंपी विचारेल, माझ्या पोराच्या वेळी कोण उभं राहिलं होतं? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यालाही ते तूच दे, किंवा कोणी देऊ नका, मला खरंच कळत नाही. एवढंच कळतं की मधे उभं राहणारं माणूस मला एकच माहीत आहे.

म्हणून ये. शनिवारच्या गाडीने ये. रविवारी पहिल्या रांगेत, टिटवीच्या शेजारी बस. मी तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं की उठून उभी राहा. मी चिडेन. सगळ्यांसमोर, बाबांच्याच आवाजात, तुला 'बस खाली' म्हणेन.

बसू नकोस.

टिटवीचा बाबा