सलगमाची वाफ

वाकासा, १० डिसेंबर

चि. कानामे यास अ. उ. आ.

शनिवारी दुपारी बाबांना घेऊन तुझ्या शाकाहारी खानावळीत जेवायला येते आहे. खानावळ कोणाची, ते त्यांना सांगितलेलं नाही. आई गेल्यापासून त्यांचं जेवणावरचं मनच उडालंय. मासळीचं दुकान उघडतात, पण घरी दोन घास खाऊन उठतात. तू आतच राहा. मासेवाल्याच्या पोरानं मुळे सोलत बसावं, हा त्यांचा राग अजून गेलेला नाही. आणि केस काप. परवाच्या फोटोत अस्वल दिसतोयस.

खानावळीत तुझ्या जोडीला असलेल्या युकिएला माझी आठवण सांग. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी ताई,
चिगुसा

क्योटो, १६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पडद्याच्या फटीतून बघत होतो. बाहेर बर्फ इतका हलका पडत होता, की खाली येतोय की वर चाललाय, कळेना. युकिए वाढत होती. कमळकाकडी बाबांनी नुसती चिवडली. मग किसलेल्या सलगमाची वाफवलेली वाटी आली. आई करायची तीच, फक्त मासा न घालता. झाकण काढलं आणि वाफेत त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. वाफ विरली तेव्हा डोळे मिटलेले. झोपले की काय, वाटलं. पण चमचा चालू होता.

वाटी संपवून त्यांनी युकिएला विचारलं, आत कोण आहे. तिला खोटं बोलता येत नाही. पुढचं तू पाहिलंसच. बाहेर येऊन मी मान खाली घालून उभा, आणि ते माझे हात बघून न बोलता निघून गेले. माझं चुकलं का गं? लवकर लिही, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
कानामे

वाकासा, २० डिसेंबर

चि. कानामे यास अ. उ. आ.

वेड्या, गाडीत बाबा कितीतरी वेळ बर्फ बघत होते. मग म्हणाले, तुझ्या आईचा चेहरा पुसट होत चालला होता, त्या वाफेत नीट दिसला. तिच्याशीच मनात बोलत होतो, पोराशी बोलायचं राहून गेलं. हातांचं विचारलं, तर म्हणाले, त्याच्या बोटावर सुरीचा घट्टा आहे, माझ्यासारखाच. वाटीत मासा नव्हता, हे घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं!

आज पत्र लिहायला बसले, तर बाबांनी लेखणीच मागून घेतली. खालची ओळ त्यांची. अशीच माया ठेव.
चिगुसा

कानामे, बांबूचे कोंब आले की कळव. जेवायला येतो.
बाबा