पिवळ्या पट्ट्यांवरची चाल

१२ नोव्हेंबर, बुधवार

१. बाबांना पार्किन्सन. लोखंड कातायच्या लेथ यंत्रावरून काढून बसून करायचं काम द्यावं, असा माझा अर्ज.
२. आज कारखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना वर्कशॉपमध्येच चालवून पाहिलं. फरशीवरच्या पिवळ्या आडव्या पट्ट्यांवरून.
३. बाबा एकदाही अडखळले नाहीत.
४. शेरा : चाल सामान्य. सोमवारपासून पुन्हा लेथ.

बाबा पेढे घेऊन आले. "पास झालो!" मग घराच्या दारातच पाय चिकटले. डबा हातात, तसेच उभे.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन. मी सांगितलं : डोपामिन कमी झालं की आपसूक पाऊल टाकायला लावणारा मेंदूतला मार्ग मंदावतो. समोर पट्टी दिसली की डोळ्यांच्या आधाराने दुसऱ्या मार्गाने काम होतं. पट्टीवर चालता आलं म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

"बेटा, दिमाग में भी बायपास बनवा दिया आपने?" हसले. मी हसले नाही. लेखी उत्तर मागितलं तर त्यांनी फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना हॉल ते स्वयंपाकघर चालवलं. पट्ट्यांशिवाय पाच वेळा : चारदा दारात अडकले. काळ्या टेपच्या पट्ट्या लावून पाच वेळा : एकदाही नाही. व्हिडिओ घेतला.

आई : "काय चिटकवून राहिली हे? लोकं म्हणतील, म्हातारा लंगडी खेळते."

बाबा खूश. "काहून बंद करते? अजून एक डाव!"

मी चिडले. म्हटलं, लेथवर पट्ट्या नसतात, बाबा. हात अडला तर?

बाबा खुर्चीत बसले. मग, "अडला होता. दिवाळीआधी. लोखंड धरलेला चक फिरून राहिला होता, हात मागे येईचना."

"काहून नाही सांगितलं?"

"तू तेव्हाच अर्ज केला असता."

त्यांची बोटं मोजली मी. मूर्खासारखी. दहा.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवा अर्ज कारखान्याच्या मॅनेजरना मेल केला. हात अडल्याचंही लिहिलं. बाबा म्हणाले, ते काढ. काढलं नाही. सही त्यांनी केली, पण माझ्याशी बोलत नाहीयेत.

अर्ज हिंदीत आहे. शेवट इथे मराठीत उतरवून ठेवते :

व्हिडिओ सोबत आहे. साध्या फरशीवर आणि दारातून पुन्हा तपासणी व्हावी. तोवर लेथ देऊ नये. कृपया उत्तर उद्या, सोमवार १७ नोव्हेंबरला, सकाळची पाळी सुरू होण्याआधी द्यावे.