जड अंतःकरणाने कळवावे लागते

१ मार्च
नवी वही, नवा संकल्प. रोज लिहायचं आणि खरं लिहायचं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहिण्यात काही फायदाही नाही.

बाबांच्या निवृत्तीनिमित्त त्यांच्या कंपनीतल्या लोकांनी आई-बाबांना परदेशातल्या एका बेटाची आठ दिवसांची सहल भेट दिली. सतराला निघायचं. पत्रकावरच्या फोटोत निळा समुद्र आणि मागे एक देखणा डोंगर. बाबांनी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. म्हणाले, इतकी वर्षं लोकांना वर पाठवलं, आता आपण जाऊ. आई म्हणाली, निघताना तरी नीट बोला.

प्रवास विम्याचं काम अर्थातच माझ्याकडे. मी घरातली पहिली पदवीधर, आणि नोकरीही प्रवास विमा कंपनीत. दादा (टायरचं दुकान, दहावीनंतर पुस्तकांना रामराम) म्हणाला, तुमचीच कंपनी, दहा मिनिटांचं काम, आत्ता उरकून टाक. मी त्याला शांतपणे सांगितलं की न वाचता सही करणं हेच आपल्या समाजाचं खरं दुखणं आहे. तो म्हणाला, बरं मॅडम.

२ मार्च
पॉलिसीची प्रिंट काढली. अडतीस पानं. रोज तीन पानं वाचली तर चौदा तारखेला संपते. मग लगेच घ्यायची. पिवळा हायलायटर आणला.

३ मार्च
एकही पान नाही. हायलायटर सुकलेला निघाला. बदलून आणला.

४ मार्च
ऑफिसात मी पत्रविभागात आहे. ज्यांचे क्लेम नामंजूर होतात, त्यांना तसं कळवायचं. सध्याचं पत्र तीन ओळींचं. 'आपला अर्ज मिळाला. तथापि तो मंजूर करता येत नाही. कळावे.' घरी आग लागलेल्या माणसाला पाण्याचं बिल पाठवावं तसं. मी साहेबांना म्हटलं, नकारसुद्धा माणुसकीने देता येतो, मला हे पत्र नव्याने लिहू द्या. साहेब म्हणाले, लिहा. (त्यांच्यावर माझी छाप पडली असावी. त्यांनी फोनमधून मान वर केली होती.)

शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्यांना सगळे स्टेपलरबाई म्हणतात, हसल्या. म्हणाल्या, नाही ते नाहीच. लांबवलंस तर माणूस शेवटच्या ओळीपर्यंत आशेवर बसेल. अशा निबर मनाची मी कधीही होणार नाही. संकल्प क्रमांक दोन.

७ मार्च
पत्र तयार. 'आपण ज्या प्रसंगातून गेलात, त्याची आम्हांला मनापासून जाणीव आहे. आपल्या जागी आमचे आईवडील असते, तर आम्हांलाही हेच दुःख झाले असते... जड अंतःकरणाने कळवावे लागते की...' लिहिताना माझेच डोळे भरून आले. साहेबांनी मंजूर केलं. आजपासून सगळ्यांना हेच जाणार.

पॉलिसी: पान अकरा. थोडी मागे आहे, पण पत्राचं काम समाजोपयोगी होतं.

१० मार्च
दादाने जेवताना विचारलं, झालं का मॅडम? मी म्हटलं, वाचते आहे. म्हणाला, परीक्षा आहे का? आई म्हणाली, वाचू दे तिला, आपल्यात वाचणारी तीच एक.

बाबा बॅग भरताना जुन्या आठवणी सांगत होते. लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिली गोष्ट, त्याला खरा वेळ सांगायचा. तास लागणार असेल तर तास सांगायचा. दोन मिनिटं म्हटलं की तिसऱ्या मिनिटाला तो दार ठोकायला लागतो. तास म्हटलं की तो खाली बसतो. किती साधं शहाणपण. वहीत उतरवून ठेवावं म्हणून उतरवलं.

१३ मार्च
पान एकतीस, कलम सात. एखाद्या नैसर्गिक आपत्तीचा अधिकृत इशारा जाहीर झाल्यानंतर पॉलिसी घेतली, तर त्या आपत्तीला ती लागू नाही. अगदी योग्य. घराला आग लागल्यावर विहीर खणणाऱ्यांना अद्दल घडलीच पाहिजे. हायलायटरने दोनदा रंगवलं. समासात 'छान!' लिहिलं.

१४ मार्च, संध्याकाळी ५.४०
सात पानं एका बैठकीत. संपली. ऑफिसात आजवर पूर्ण पॉलिसी कुणीच वाचलेली नाही, स्टेपलरबाईंनी स्वतः कबूल केलं. ५.४० ला बटण दाबलं. आई-बाबा सुरक्षित. वेळापत्रक पाळलं.

बाबांनी पॉलिसीच्या कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

१५ मार्च
ऑफिसात परिपत्रक. त्या बेटावरच्या डोंगरातून धूर येतो आहे. तो डोंगर नाही, ज्वालामुखी आहे. इशारा काल दुपारी बारा वाजता जाहीर झाला. काल दुपारी बारानंतर घेतलेल्या सर्व पॉलिसींना कलम सात लागू.

बारा. आणि मी ५.४०.

काल दिवसभर मी बातम्या पाहिल्या नाहीत, कारण मी पॉलिसी वाचत होते.

पण 'जाहीर' म्हणजे नेमकं काय? मला तर माहीतच नव्हतं. ज्याला माहीत नाही, त्याच्यापुरतं ते जाहीर कसं? कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा भक्कम आहे. सवडीने मांडेन. शिवाय इशारा पिवळा आहे, सगळ्यांत खालचा. पिवळा म्हणजे डोंगराने जांभई दिली एवढंच.

१६ मार्च
घरी सांगायचं ठरवलं होतं. बाबा नवे बूट घालून हॉलमध्ये चालून दाखवत होते. आई म्हणत होती, समुद्रात बूट घालून जाणार का? तेवढ्यात सहल कंपनीचा फोन आला की सगळं ठीक आहे, विमान वेळेवर आहे. तेच ठीक म्हणतात, तर मी कोण? उगाच भीती पसरवणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच.

१७ मार्च
गेले. बाबांनी विमानतळावर खिशावर थाप मारून दाखवली.

२० मार्च
डोंगर फुटला. राखेचा ढग, विमानतळ बंद. दुपारी फोन लागला. दोघं सुखरूप आहेत, डोंगरापासून लांब आहेत. मी इतकी रडले की दादाने दुकान बंद करून घरी येऊन चहा केला. चहात मीठ पडलं. तसाच प्यायलो.

बाबा फोनवर म्हणाले, आम्हांला एका छान जागी ठेवलंय, मोठी जागा आहे, खेळती हवा. मी विचारलं, हॉटेल? ते म्हणाले, हॉटेलच म्हण.

२२ मार्च
बाबांचा फोन. पहिली बोट उद्या सुटते. बसायला जागा थोड्या, आई-बाबांचं नाव यादीत आहे. पण यादीबाहेर एक बाळंतीण आहे, वीस दिवसांचं बाळ, नवरा, आणि त्यांच्याकडे विमा-बिमा काही नाही. बाबांनी विचारलं, "आपला विमा आहे ना, पुढचं सगळं बघतील ना ते? मग आम्ही थांबलो तर चालेल?"

मागे लाउडस्पीकरवर कुणीतरी नंबर पुकारत होतं. पोरं रडत होती. (मोठ्या हॉटेलांत अशा घोषणा असतात.)

मी म्हणाले, "हो बाबा. काळजी करू नका."

तो क्षण सांगण्याचा नव्हता. मागे इतका गोंगाट होता. कलम सात गोंगाटात समजावता येत नाही. आणि बाळाचा प्रश्न होता. माणुसकीच्या बाजूने पाहिलं तर मी बरोबरच बोलले.

२३ मार्च
बोट गेली. पुढची कधी, कुणाला माहीत नाही. उद्या फोन करून सगळं सांगणार. नक्की.

२४ मार्च
फोन केला. आई बोलली. आवाज बसलाय, खोकला आहे. राख आहे म्हणाली, बारीक, पिठासारखी, कितीही झटका. चादर बरी आहे, तिच्यावर नंबर आहे म्हणजे हरवत नाही. मी म्हटलं, चांगल्या हॉटेलांत लाँड्रीसाठी नंबर घालतातच. आई खोकली. मग म्हणाली, हो, तसंच असेल.

तिचा खोकला ऐकून सांगवेना. उद्या.

२५ मार्च
आज सांगितलं नाही. लाइन मिळाली नाही. (मिळाली होती. हवामानाबद्दल बोललो.)

ऑफिसात त्याच बेटाचे क्लेम यायला लागले. इशाऱ्यानंतर पॉलिसी घेतलेले अकरा जण. अकरा जणांना माझं पत्र गेलं. एका निवृत्त मास्तरांनी फोन करून विचारलं, तुमचं अंतःकरण जड आहे हे कळलं, पण हो की नाही? मी नकाराच्या ओळीचा क्रमांक सांगितला.

२८ मार्च
आले. बाबांच्या बुटांच्या शिलाईत राख. आई बारीक झालेली. बाबा सगळ्यांना सांगत होते, लेकीमुळे निर्धास्त होतो. दादाने मला बाजूला घेतलं. मला वाटलं, याला कळलं. तो म्हणाला, मी उगाच चिडवत होतो तुला. वाचलंस म्हणून निभावलं.

मी म्हटलं, असू दे.

असू दे! माझ्या तोंडून निघालेला हा शब्द मी इथे लिहून ठेवते आहे.

९ एप्रिल
बाबांनी क्लेमचा अर्ज स्वतःच भरून पाठवला, मला न सांगता. तिच्या ऑफिसात आपलीही फाइल जाऊ दे, लेक बघेल, असं आईला म्हणाले असणार. फाइल सकाळी माझ्याच ट्रेमध्ये आली. लिफ्टच्या नोंदवहीत लिहायचे त्याच सुबक अक्षरात.

'मुक्काम: शाळेचा हॉल, आठ रात्री. जमिनीवर गादी. प्रतीक्षेचे कारण: पहिल्या बोटीतील आमच्या दोन जागा एका बाळंतिणीला दिल्या, कारण आमच्याकडे विमा होता. पत्नीस खोकला, औषधोपचार चालू. मुलीस हॉटेल असे सांगितले आहे, कारण ती फार काळजी करते. कृपया तिला कळू देऊ नये.'

शेवटची ओळ त्यांनी खाली रेघ मारून लिहिली आहे.

नातेवाइकाची फाइल हाताळायची नाही असा नियम आहे. नियम म्हणजे नियम. मी ती स्टेपलरबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तारीख बघितली, ५.४० बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तू बोलतेस का साहेबांशी? मी म्हटलं, तत्त्वाच्या विरुद्ध आहे. त्या म्हणाल्या, "तत्त्व नाही गं. घाबरलीयस."

मी कॅन्टीनमध्ये गेले. परत आले तेव्हा फाइलला माझं पत्र स्टेपल केलेलं होतं.

१० एप्रिल
पत्र पोहोचण्याआधी घरी सांगायचं. टपालाला आठवडा तरी लागतो. म्हणजे वेळ आहे.

१५ एप्रिल
वेळ आहे.

१७ एप्रिल, रविवार
रविवारी टपाल येत नाही. आईचा खोकला बराच कमी. आज सांगून तिचा दिवस कशाला बिघडवायचा?

२१ एप्रिल
ऑफिसातून आले तर तिघं टेबलाभोवती. लिफाफा न फोडलेला. बाबांनी माझ्यासाठी ठेवला होता. दादाने खुर्ची पुढे ओढली. बाबा म्हणाले, "तूच वाच. मोठ्याने."

वाचलं. 'आपण ज्या प्रसंगातून गेलात, त्याची आम्हांला मनापासून जाणीव आहे.' बाबा आईला म्हणाले, बघ, आहे त्यांना जाणीव. 'आपल्या जागी आमचे आईवडील असते, तर...' इथे आई हलकेच हसली आणि खुर्चीत सावरून बसली, चांगली बातमी ऐकायला बसतात तशी. पुढे किती ओळी आहेत ते मला पाठ होतं. पाच. स्टेपलरबाई खरं बोलल्या होत्या. त्या पाच ओळी संपेपर्यंत तिघंही आशेवर होती.

मग जड अंतःकरण आलं. कलम सात आलं. चौदा मार्च, दुपारी बारा, संध्याकाळी ५.४०.

दादाने पत्र घेऊन उलटंसुलटं केलं. म्हणाला, सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? बाबा म्हणाले, नको रे, लिहिणाऱ्याला वाईट वाटलेलं दिसतंय बिचाऱ्याला.

"मी लिहिलंय बाबा," मी म्हणाले. "आणि मला पंधरा तारखेपासून माहीत होतं. तुम्ही निघालाही नव्हतात."

आई उठून आत गेली. खोकल्याचा आवाज आला, मग नळाचा. दादा टेबलाच्या कडेला नख घासत बसला. बाबांनी कागदाची घडी घातली, प्लास्टिकचं कव्हर काढलं, त्यात पॉलिसीच्या मागे पत्र सरकवलं. मला वाटलं आता बोलतील. बोलले तर बरं होईल असं वाटलं.

"त्या दिवशी ५.४० पर्यंत काय करत होतीस?"

"पॉलिसी वाचत होते."

"किती पानं होती?"

"अडतीस."

"सगळी वाचलीस?"

"हो."

बाबा बराच वेळ कव्हरवरून हात फिरवत राहिले. मग आतल्या खोलीकडे तोंड करून आईला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "अगं, सगळी वाचली होती तिने."